खंयचे तुम्ही, असं विचारणारं गाव

अलिबागजवळच्या मांडव्याच्या धक्क्याला रो-रो, म्हणजे गाड्याही वाहून नेणारी बोट, टेकते, रॅम्प खाली येतो, गाड्यांची इंजिनं सुरू होतात आणि पायी आलेले उतारू पिशव्या सावरत बाहेरची वाट धरतात. तेवढ्यात कुणाच्या तरी लक्षात येतं की टोपी आणि मास्क लावून चाललेला तो उंच माणूस सिनेमातला आहे. पहिला मोबाईल वर जातो. तो बघून दुसरा वर जातो. तिसऱ्या-चौथ्याला तर समोर कोण आहे हेही ठाऊक नसतं. चालणारे थांबतात, मागचे त्यांच्यावर येऊन आदळतात, गाडीवाले हॉर्न वाजवतात, एखादी वयस्कर बाई कठड्याला धरून उभी राहते. दोन-तीन मिनिटांत सगळं आटोपतं. तो माणूस गाडीत बसून गेलेला असतो आणि पंचवीसेक जणांच्या मोबाईलमध्ये एका खांद्याचा, अर्ध्या टोपीचा, हललेला फोटो उरतो.

या प्रकाराला ‘भेट’ म्हणायला माझी तयारी नाही. कोकणात नामवंत माणूस अचानक समोर येणं ही आता रोजची गोष्ट झाली आहे आणि त्या वेळी कसं वागायचं हे गावांनी, देवस्थानांनी, होमस्टे चालवणाऱ्यांनी आणि आपण प्रत्येकाने ठरवायला हवं, असं मला वाटतं. याची रीत आपल्याकडे होती, आजही पुरती गेलेली नाही. ती मोडते कुठे आणि का, हे नीट बघितलं तर सांभाळता येईल.

आधी भेटी वाढल्या का ते पाहू. कोकण रेल्वेचा सगळा मार्ग २६ जानेवारी १९९८ ला सुरू झाला, त्याआधी सावंतवाडी-वेंगुर्ल्याला जायचं म्हणजे एसटीत रात्र काढणं होतं. मार्च २०२० मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो सुरू झाली आणि वडखळवरून वळसा घालत शंभरेक किलोमीटर गाडी हाकण्याऐवजी, गाडीसकट तासाभरात अलिबाग तालुक्यात उतरता येऊ लागलं. गेटवेच्या लाँच पावसाळ्यात बंद असतात, रो-रो मात्र हवामान बरं असलं की चालते, त्यामुळे वर्दळीचा हंगामच लांबला. ऑक्टोबर २०२१ मध्ये सिंधुदुर्गातला चिपीचा विमानतळ उघडला, जून २०२३ मध्ये मुंबई-मडगाव वंदे भारत धावू लागली. अलिबाग, आवास, किहीमपासून खाली भोगवे, निवतीपर्यंत शहरातल्या पैसेवाल्यांची घरं झाली, महागडी मुक्कामाची ठिकाणं झाली. पूर्वी पडद्यावरचा माणूस गावात यायचा तो शूटिंगला किंवा पालखीला. आता तो सुट्टीला येतो, घराचं काम बघायला येतो, मासळीबाजारात पापलेटचा भाव विचारतो. कामावर नसलेला नामवंत माणूस गावाला इतक्या वेळा भेटण्याची ही पहिलीच वेळ आहे.

आता रीतीबद्दल. दक्षिण कोकणात अनोळखी माणूस दिसला की पहिला प्रश्न असतो, “तुम्ही खंयचे?” म्हणजे कुठले. दुसरा, “म्हणजे कोणाचे?” यात चौकशी आहे तशी जागा करून देणंही आहे. समोरच्याचं गाव, वाडी, घर, आजोळ कळलं की त्याला कुठे बसवायचं ते ठरतं. माणूस कितीही मोठा असो, तो अमक्याचा नातू किंवा तमक्या घराचा जावई होऊन जातो आणि मग त्याच्याशी पावसाबद्दल, काजूच्या बीबद्दल, घराच्या कौलांबद्दल बोलता येतं. याला इतिहासही आहे. गिरगाव आणि गिरणगावातल्या चाळींत कोकणातली माणसं खोल्या वाटून राहिली. पुढे नाटका-सिनेमात नाव काढलेले कितीतरी जण त्याच चाळींतून आले. नळावर, जिन्यात, भजनात एकमेकांना बघितलेल्या लोकांना त्या माणसाचं अप्रूप होतं, पण परकेपणा नव्हता. मच्छिंद्र कांबळी यांनी मालवणी बोली व्यावसायिक रंगभूमीवर गाजवली, तेव्हा मालवण-कुडाळकडच्या प्रेक्षकाला आपलाच माणूस आपल्याच बोलीत बोलतोय हे आधी जाणवलं, तो प्रसिद्ध आहे हे नंतर.

रत्नागिरीचं उदाहरण याहून जुनं आहे. ब्रह्मदेशचा राजा थिबा १८८५ मध्ये पदच्युत झाला आणि १८८६ पासून इंग्रजांनी त्याला रत्नागिरीत नजरकैदेत ठेवलं. आजचा थिबा राजवाडा १९१० मध्ये उभा राहिला, १९१६ मध्ये राजा तिथेच वारला. म्हणजे तीस वर्षं एक राजा, त्याच्या राण्या आणि मुली एका लहानशा बंदराच्या गावात राहत होत्या. राजाची नात टूटू रत्नागिरीतच वाढली, मराठीत बोलली, रत्नागिरीकराशीच लग्न करून गरिबीत संसार केला. बाहेरून पत्रकार आणि अभ्यासक राजाची नात म्हणून तिचा शोध घेत येत. आळीला ती शेजारीण होती. गावाने तिच्यासाठी फार काही केलं असा माझा दावा नाही. हलाखीत दिवस काढणाऱ्या बाईला गावाने आणखी हात द्यायला हवा होता, हे म्हणायलाच हवं. पण तिला प्रदर्शनातली वस्तू केलं नाही, ही गोष्टही लहान नाही.

आणि प्रसिद्धी म्हणजे काय याची समज कोकणाला दशावताराने, म्हणजे देवळापुढे रात्रभर चालणाऱ्या लोकनाट्याने, जितकी दिली तितकी दुसऱ्या कशानेच दिली नसेल. कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की देवळापुढे रात्री उशिरा पेटी, पखवाज आणि झांज वाजू लागते. आधी आडदशावतार होतो, गणपती, सरस्वती, संकासूर येऊन जातात, मग आख्यान लागतं ते पहाटेपर्यंत. लिहिलेली संहिता नसते. नटाने पुराण पचवलेलं असतं, संवाद तो तिथल्या तिथे रचतो. रंगमंचावर सामान म्हणून एक बाकडं, तेच सिंहासन आणि तेच रथ. राजा झालेला हा नट सकाळी खोबरेल तेलाने रंग पुसतो, दुपारी त्याच्या शेतावर किंवा बागेत असतो. ‘रात्री राजा आणि सकाळी डोक्यावर बोजा’ असं दशावताऱ्याबद्दल म्हणतात. नेरूरचे सुधीर कलिंगण २०२२ मध्ये गेले. लोक त्यांना ‘लोकराजा’ म्हणत आणि त्यांच्या नाटकाची सुपारी मिळावी म्हणून गावं तारखा बदलत. तरी नटाला भेटायची पद्धत ठरलेली होती. रंगायला बसलेल्या नटाजवळ उगाच जायचं नाही, पेटाऱ्याला पाय लावायचा नाही, बक्षीस द्यायचं तर ते नाटक चालू असताना रीतसर द्यायचं, आणि सकाळी एसटी स्टँडवर तोच माणूस दिसला तर “रात्री बरा झाला हां नाटक,” एवढं सांगून त्याला चहा पाजायचा. डबलबारीच्या भजनी सामन्यातल्या बुवांना, शक्ती-तुऱ्याच्या सवाल-जवाबातल्या शाहिरांना आणि टेनिस बॉल क्रिकेटमध्ये पंचक्रोशी गाजवणाऱ्या पोरांनाही गाव असंच भेटतं. कौतुक पुरेपूर होतं, पण माणूस काम करत असताना त्याच्या कामाचं, आणि काम नसताना त्याच्या तोंडावर एका वाक्यात. मुंबईहून आलेल्या नटाला यापेक्षा वेगळं वागवण्याचं कारण मला दिसत नाही.

मग मोडतं कुठे? दोष मोबाईलवर ढकलून मोकळं होणं सोपं आहे, पण यंत्रात काय होतं ते पाहिलं तर अधिक कळतं. एका सेल्फीला साधारण पंधरा-वीस सेकंद लागतात असं धरा. फोन खिशातून काढणं, लॉक उघडणं, पुढचा कॅमेरा करणं, शेजारी उभं राहणं, एक हलला म्हणून दुसरा काढणं. दहा माणसं असली की तीन मिनिटं झाली. पहिल्याला मिळाला म्हणून आणखी वीस उभी राहतात, आणि त्यात ज्याला नाही म्हटलं जातं तो अकरावा माणूस ‘माज आहे’ असं म्हणत घरी जातो. समोरच्याला थांबण्याची सीमा कुठे घालावी हे ठरवताच येत नाही, म्हणून बरेच जण पहिल्यालाच नकार देतात. एका वाक्याच्या भेटीला अशी रांग लागत नाही, कारण ती चालता-चालता होते.

फोटोही बहुतेक वेळा फुकट जातो. किनाऱ्यावर समुद्र पाठीशी ठेवून उभं राहिलं की उजेड मागून येतो आणि दोन्ही चेहरे काळे पडतात. पडद्यावर चेहऱ्याला बोट लावून उजेड वाढवायचा असतो, हे घाईत कुणी करत नाही. संध्याकाळी कॅमेरा उजेड गोळा करायला क्षणभर जास्त वेळ घेतो आणि तेवढ्यात चालणारा माणूस पुसट होतो. दुसऱ्याच्या हातात फोन देताना तो लॉक झालेला असतो. हे सगळं जमवण्याच्या धडपडीत समोरच्याशी एक शब्दही बोलणं झालेलं नसतं. वीस वर्षांनी नातवंडांना दाखवायला फोटो असेल, पण सांगायला काही नसेल.

काही ठिकाणी तर ही धडपड धोक्याची आहे. मालवण-देवबागच्या पाण्यात डॉल्फिन दाखवायला नेणाऱ्या किंवा किल्ल्याकडे जाणाऱ्या होड्या लहान असतात. शेजारच्या होडीत कुणी ओळखीचा चेहरा दिसला आणि सगळे उतारू उठून एका अंगाला आले, तर दोन गोष्टी एकदम होतात. उभं राहिल्याने होडीचा भार वर चढतो आणि सरकल्याने तो एका बाजूला जातो. होडी कलते, कलली की लोक त्याच बाजूला आणखी घसरतात, आणि मग ती सावरायला तांडेलाच्या, म्हणजे होडी हाकणाऱ्याच्या, हातात फारसं काही उरत नाही. म्हणून तांडेल “बसान ऱ्हवा” असं ओरडतो तेव्हा समोर कोणीही असो, बसून राहायचं. धक्क्यांच्या पायऱ्यांवर ओहोटीच्या वेळी शेवाळ उघडं पडतं, तिथे मागे चालत फोटो काढणं म्हणजे पाय घसरण्याला बोलावणं. रेल्वेचंही तसंच. कणकवली-कुडाळसारख्या स्टेशनात बऱ्याच गाड्या दोनच मिनिटं थांबतात. गणपतीच्या दिवसांत त्या दोन मिनिटांत बोचकी, म्हातारी माणसं, लहान पोरं आणि मखराचं सामान उतरवायचं असतं. डब्याच्या दारात एखाद्या कलाकाराला गाठून उभं राहणारा माणूस कुणाच्या तरी म्हातारीला पुढच्या स्टेशनात घालवतो.

तेव्हा भेट कशी घ्यावी? माझं म्हणणं सरळ आहे. दोन हात अंतरावर थांबा, आपलं नाव आणि गाव सांगा, त्यांचं जे काम आवडलं ते नेमकं सांगा. ‘तुमचा फॅन आहे’ हे रोज शंभर जण सांगतात. ‘अमक्या प्रसंगात तुम्ही न बोलता पाठ फिरवलीत ते आमच्या आईला फार लागलं’ असं सांगणारा विरळा, आणि ते ऐकायला कोणताही नट थांबतो. एवढं झाल्यावर फोटो हवा असेल तर फोन खाली ठेवूनच विचारा. हो म्हणाले तर कॅमेरा आधी उघडून, उजेडाकडे तोंड करून, तिसऱ्या माणसाकडून सगळ्यांचा मिळून एकच फोटो. खांद्यावर हात टाकायचा नाही, बायकांच्या बाबतीत तर अजिबात नाही. नाही म्हणाले तर “बरं” म्हणून बाजूला व्हा. जेवताना, देवाच्या गाभाऱ्यासमोर, दवाखान्यात, कुणाच्या मयताला किंवा तेराव्याला आलेले असताना, आणि मुलं सोबत असताना विचारायचंच नाही. मुलांचा फोटो तर आई-बापांनी हो म्हटल्याशिवाय लांबूनही काढू नये. त्या पोरांनी प्रसिद्धी मागितलेली नाही.

आणि फोटो लगेच टाकू नका. ही गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. कोकणातल्या बहुतेक गावांना आत जायला-यायला एकच रस्ता आहे, दोन्ही बाजूंना गडगा, म्हणजे दगडी कुंपण, आणि समोरून एसटी आली तर एका गाडीला मागे जावं लागतं. ‘आत्ता आमच्या गावात कोण आहेत बघा’ असा फोटो गावाच्या ग्रुपवर पडला की तासाभरात तालुक्यातून गाड्या येतात, एसटीला वळायला जागा उरत नाही आणि शाळेतून येणारी पोरं गाड्यांच्या मधून वाट काढतात. माणूस निघून गेल्यावर, मुक्कामाची जागा न लिहिता टाकला तर कुणाचं काही बिघडत नाही. फोनमध्ये कॅमेऱ्यासाठी लोकेशन चालू असेल तर फोटोच्या आतच जागेची नोंद होते. व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा फोटो म्हणून पाठवला तर ती पुसली जाते, पण मूळ फाईल डॉक्युमेंट म्हणून पाठवली तर तशीच जाते. एवढं माहीत असावं.

याबाबतीत सचिन तेंडुलकर यांचं उदाहरण अभ्यासण्यासारखं आहे. एप्रिल २०२३ मध्ये त्यांनी पन्नासावा वाढदिवस सिंधुदुर्गात, भोगव्याच्या बाजूला साजरा केला. चुलीपुढे कुटुंबासोबत बसलेला फोटो त्यांनी स्वतः टाकला, पण वाढदिवस होऊन गेल्यावर, आणि एका शांत गावात होतो एवढंच लिहून. जिल्ह्याचं नाव त्यांनी पुढे जानेवारी २०२४ मध्ये, तिथल्या किनाऱ्याचं आणि माणसांचं कौतुक करताना घेतलं, तेव्हा देशभर सिंधुदुर्गाची चर्चा झाली. कधी सांगायचं आणि किती सांगायचं हे त्यांनी ठरवलं, आणि जिल्ह्याला मिळायचा तो फायदाही मिळाला. यात जिल्ह्याच्या पर्यटनाचा विचार करणाऱ्यांसाठी धडा आहे. पाहुण्याला शांतता मिळाली तर तो स्वतःहून नाव घेतो. गर्दीने घेरला तर पुढच्या वेळी गोव्यात जातो.

होमस्टे आणि खानावळवाल्यांशी इथे थोडं स्पष्ट बोलायला हवं, कारण त्यांच्या हातात बरंच आहे. पाहुणा कोण आहे हे स्वयंपाकाला येणाऱ्या बाईला, माडावर चढणाऱ्याला, रिक्षावाल्याला कळतंच. त्या सगळ्यांना पाहुणा येण्याआधीच सांगून ठेवावं लागतं, आल्यावर सांगून उपयोग नसतो. नोंदवहीचा फोटो कुणाला काढू द्यायचा नाही. मग पाहुणा गेल्यावर त्याचा फोटो भिंतीवर लावावा का? जरूर लावावा. सोलकढीच्या हंड्यामागे, देवाच्या तसबिरीशेजारी, पंधरा वर्षांपूर्वी जेवून गेलेल्या एखाद्या गायिकेचा पिवळा पडलेला फोटो असतो तेव्हा त्या घराच्या अभिमानाला मी मनापासून मान देतो. पण तोच फोटो हायवेवरच्या बॅनरवर ‘यांची पसंती, आमची थाळी’ असं लिहून लावणं ही वेगळी गोष्ट आहे, ती जाहिरात झाली. दिल्ली उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये अनिल कपूर यांच्या आणि मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये अरिजित सिंग यांच्या बाबतीत नाव, आवाज, छबी परवानगीशिवाय धंद्यासाठी वापरायला मनाई केली आहे. सार्वजनिक जागी फोटो काढणं हा सर्वसाधारणपणे गुन्हा नसला तरी त्या फोटोवर धंदा करण्याचा हक्क त्यातून मिळत नाही. बॅनर लावायचाच असेल तर दोन ओळींची लेखी परवानगी घ्यावी. कुठे लावणार, किती दिवस, शब्द काय, एवढं त्यात असलं की पुरे. साध्या मनाने विचारलं तर पुष्कळदा मिळते.

शूटिंगचा भाग वेगळा, कारण तिथे प्रसिद्धी माणसाला सोडून घराला चिकटते. २०१६ मध्ये सुरू झालेल्या ‘रात्रीस खेळ चाले’ या मालिकेचं चित्रीकरण सिंधुदुर्गातल्या आकेरी गावातल्या एका जुन्या वाड्यात झालं आणि तो वाडा बघायला लांबलांबून लोक येऊ लागले. मालिकेतलं कुटुंब खोटं होतं, वाड्याची पडवी खरी. घर शूटिंगला देताना पुष्कळ लोक दिवसाचं भाडं तेवढं ठरवतात. खरं तर कागदावर बरंच यायला हवं: किती दिवस आणि दिवसाचे किती तास, जनरेटर कुठे ठेवणार, विहिरीचं पाणी किती वापरणार, भिंतीला दिलेला रंग परत मूळचा कोण करून देणार, दिव्यांच्या स्टँडसाठी फांद्या तोडणार नाहीत, अनामत किती, आणि वाडीतल्या लोकांना गर्दीत उभं केलं तर त्यांचा दिवसाचा मोबदला काय. पौष-माघात आंबा मोहरलेला असतो, त्या बागेतून ट्रक नेले की धूळ मोहोरावर बसते आणि त्याचं नुकसान चैत्रात दिसतं, तेव्हा युनिट कधीच मुंबईला पोचलेलं असतं. आणि सगळ्यांत विसरलं जाणारं कलम म्हणजे नंतरच्या बघ्यांचं. घराचा पत्ता, गेटवरची पाटी दाखवायची की नाही, हे आधी ठरवावं. ग्रामपंचायतीने ना-हरकत देताना गाडीतळ, स्वच्छतागृह आणि कचरा यांची विचारणा केली तर ते अडवणूक होत नाही, ते तिचं कामच आहे.

यावर एक आक्षेप नेहमी येतो आणि तो मला खोटा वाटत नाही. ही माणसं आमच्या बघण्यावर मोठी झाली, तिकिटं आम्ही काढली, मग पाच सेकंद थांबायला काय होतं? नामवंतांनीही यात वागणं सुधारावं हे मला मान्य आहे. अंगरक्षकाने म्हाताऱ्याला ढकलणं, दुकानदाराने हसून केलेला नमस्कार न घेणं, रस्त्याच्या मधोमध गाडी उभी करून माणसं उतरवणं, किनाऱ्यावर कुंपण घालून कोळ्यांची वहिवाट अडवणं, हे कुठल्याही प्रसिद्धीने माफ होत नाही, आणि त्याविरुद्ध गावाने बोललंच पाहिजे. भरतीच्या रेषेजवळची वाट सगळ्यांची आहे. पण तिकीट काढून आपण त्यांचं काम विकत घेतलं होतं. सुट्टीच्या दिवशीचा त्यांचा वेळ त्या तिकिटात नव्हता. एसटीचा कंडक्टर, तलाठी, प्राथमिक शाळेच्या बाई, यांनाही आपण रस्त्यात कामासाठी अडवतो तेव्हा ते कंटाळतात आणि आपल्याला ते समजतं. इथेही समजायला हवं.

देवस्थानांबद्दल मात्र मी कडक आहे. जत्रेत किंवा गणपतीत पुढारी-कलाकार येतात तेव्हा रांग थांबवून त्यांना बाजूच्या दाराने नेतात आणि तिथेच गर्दी उसळते. मसुऱ्याच्या आंगणेवाडीची भराडी देवीची जत्रा दीड दिवसाची, तारीखही पंचांगावर ठरत नाही, देवीचा कौल घेऊन ठरते, आणि लाखो लोक एवढ्याशा वेळात दर्शन घेतात. अशा ठिकाणी रांग दहा मिनिटं थांबली तर मागे उन्हात उभ्या असलेल्यांवर दाब येतो, कारण मागून लोक येतच राहतात. रांगेचं बळ तिच्या चालत राहण्यात असतं. नामवंत माणूस त्याच रांगेत उभा राहिला तर पहिली पाच-दहा मिनिटं कुजबुज होते, मग शेजारचा “खंयचे तुम्ही?” विचारतो आणि विषय पावसावर जातो. खास दार उघडलं की लोकांना कळतं की काहीतरी बघण्यासारखं आत जातंय, आणि बघायला धाव घेणाऱ्यांना मग आपणच दोष देतो. सुरक्षेचं खरंच कारण असेल तर पहाटेची, गर्दी नसतानाची वेळ द्यावी. कोकणातल्या कितीतरी देवळांत मानाचे क्रम ठरलेले असतात, गावकर, मानकरी, पुजारी, सगळ्यांच्या जागा पिढ्यान् पिढ्यांच्या. त्या क्रमात पडद्यावरच्या प्रसिद्धीला जागा नव्हती, ती आपण नव्याने का करून द्यावी?

उलट गणपतीतलं भजन बघा. घरगुती गणपतीपुढे रात्री वाडी जमते. त्यात मुंबईहून आलेला, मालिकेतला, सगळ्यांना माहीत असलेला गावचा मुलगाही असतो. पखवाज लागतो, बुवा सूर धरतात, कुणीतरी त्याच्याकडेही टाळ सरकवतो. चुकला तर शेजारचा कोपर मारतो. हातात टाळ असताना मोबाईल धरता येत नाही, म्हणून त्या तासाभराचे फोटो फारसे नसतात. गजर संपतो, आरती होते, उसळ आणि चहा येतो. मग एखादी आजी त्याला जवळ बोलावून विचारते की त्या मालिकेत तू आईला इतकं वाईट का बोललास, आणि तो खाली बसून तिला समजावत राहतो की आजी, ते लिहिलेलं होतं.